लहान लेकरांना क्लास पुरे झाले, आता गट द्या

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. नागपुरातल्या आईबापांना त्यामुळे लेकरांच्या मोकळ्या वेळाची काळजी करायला थोडे जास्तच दिवस मिळतात, आणि त्या काळजीतून बहुतेक घरांत एकच उत्तर निघतं: एखादा क्लास लावून टाकू. अबॅकस, कीबोर्ड, स्केटिंग, कराटे, हस्ताक्षर, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. सहा-सात वर्षांच्या पोराचा आठवडा भरून टाकायला एवढं पुरतं. अशा वेळी कोणी सुचवलं की याला एखाद्या गटात घाला, स्काउट-गाइडच्या धाकट्या कब-बुलबुल पथकात, राष्ट्र सेवा दलात, वस्तीतल्या बालमंडळात, तर लगेच विचारलं जातं, "तिथं शिकवतात काय?"

आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीत, संध्याकाळी मुलांचा एक गट चालतो. त्यात मी हातभार लावते, त्यामुळे या प्रश्नात मी तटस्थ नाही आणि तसं भासवणारही नाही. माझं म्हणणं असं आहे की सहा ते दहा या वयात लेकराला क्लासपेक्षा गटाची गरज कितीतरी मोठी असते, आणि आपण ती भागवत नाही कारण गटाची किंमत पैशात देता येत नाही. ती मोठ्या माणसांच्या संध्याकाळींनी चुकवावी लागते. या शहरात मुलांसाठी फी भरायला तयार असलेले पालक भरपूर आहेत. आठवड्यातला एक तास द्यायला तयार असलेले मोजके.

क्लासमध्ये वीस मुलं बसली तरी ती वीस सुटी गिऱ्हाइकं असतात. प्रत्येकाची फी वेगळी, लेव्हल वेगळी, सर्टिफिकेट वेगळं. शेजारचा मुलगा आज आला नाही तर माझ्या मुलाचं काही अडत नाही, उलट सरांचं लक्ष थोडं जास्त मिळतं. गटात मात्र एक जण आला नाही की सगळ्यांना ते जाणवतं. खो-खोला बसायला आठ लागतात आणि धावायला एक. आठवा नसेल तर डाव मांडताच येत नाही. सहलीला पाण्याची कॅन उचलायला दुसरा हात लागतो. मग पोरं स्वतःच त्या न आलेल्याच्या घरी जातात, फाटकाबाहेरून हाका मारतात. आपण नसलो तर कोणाचं तरी अडतं, हे त्या लेकराला आयुष्यात पहिल्यांदा कळतं. घरी ते लाडकं असतं, शाळेत हजेरीपटावर असतं, पण कोणाच्या तरी उपयोगाचं ते इथंच होतं. माझ्या मते माणूस घडण्यातली ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती सहाव्या-सातव्या वर्षीच सुरू व्हायला हवी.

एका संध्याकाळचा लगोरीचा डाव सांगते. फुटक्या फरशीचे सात तुकडे, एक रबरी चेंडू, आणि पहिलीपासून सहावीपर्यंतची पोरं. दुसरीतला एक मुलगा नवा आला होता. चौथीतल्या एका मुलीनं कोणी न सांगता त्याला जाहीर केलं, "तू कच्चं लिंबू." म्हणजे चेंडू लागला तरी तो बाद नाही. डाव सुरू झाला. त्याच्या हातात दोन तुकडे आले आणि तो घाईघाईनं लहान तुकडा खाली ठेवून मोठा वर रचायला लागला. चेंडू घेऊन समोरचे धावत येताहेत, आणि ही मुलगी त्याच्या शेजारी उकिडवी बसून सांगतेय, "अरे, आधी मोठी, मग लहानी. घाई नको करू, तुले कोणी आउट नाही करत." लगोरी रचली गेली नाही. तिच्या संघाचा डाव गेला. तिनं त्याला एक शब्द ऐकवला नाही. पुढे पावसाळा संपत आला तेव्हा त्याच मुलानं डाव सुरू व्हायच्या आधी सांगून टाकलं, "आता मला कच्चं लिंबू नका धरू."

हे कोणी शिकवलं? मी तर नाही. लहानग्याला खेळात घ्यायचं, त्याला सांभाळायचं, पण त्याच्यापायी खेळ थांबवायचा नाही, आणि त्याची तयारी झाली की त्याला बरोबरीचा मानायचा, ही सगळी रीत मराठी मुलांनी पिढ्यानपिढ्या आपली आपण चालवलेली आहे. मात्र ती चालायला निरनिराळ्या वयांची मुलं एकत्र यावी लागतात. शाळा मुलांना वयानं वेगळं करते, क्लास लेव्हलनं वेगळं करतो. सोसायटीत भावंडं नाहीत, वाड्यातले चुलत-मावस गेले. सात वर्षांच्या मुलाला दहा वर्षांचं मूल जवळून पाहायला मिळेल अशी जागाच उरलेली नाही.

शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. मारिया मॉन्टेसरींनी तीन ते सहा वयाची मुलं एका खोलीत ठेवली. आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला पाहिलं की धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं म्हणून मोठ्या मुली शाळेत येत नाहीत. तेव्हा त्यांनी धाकट्यालाही आत घेतलं, पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली. मोठ्या मुलाच्या जवळ लहान मूल असणं ही त्यांच्या लेखी अडचण नव्हतीच, शिक्षण तिथूनच सुरू होत होतं.

स्काउट चळवळीलाही धाकट्यांनीच हे शिकवलं. बेडन-पॉवेल यांनी 1907 साली ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. पुढच्या वर्षी पुस्तक आलं, पथकं निघाली, आणि लवकरच स्काउटांचे धाकटे भाऊ आम्हालाही घ्या म्हणून मागे लागले. 1916 मध्ये त्यांच्यासाठी वेगळा विभाग झाला. आपण ज्यांना कब म्हणतो ते हेच. लहान मुलांना नियमावली देऊन चालत नाही, गोष्ट लागते, म्हणून किपलिंगच्या 'जंगल बुक'मधला लांडग्यांचा कळप घेतला: म्होरक्या अकेला, शिकवणारं अस्वल बल्लू. हा कळप सिवनीच्या डोंगरांतला. आपल्याकडून जबलपूरच्या रस्त्यानं निघालं की पेंचच्या पुढे, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लागतं तेच हे सिवनी. जगभरच्या लहान पोरांनी शंभर वर्षांहून जास्त काळ ज्या जंगलात मनानं मुक्काम केला, ते जंगल नागपूरच्या मुलांना सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहे. ते त्यांना जीपमधून वाघ पाहण्यापुरतंच माहीत असावं याचं मला वाईट वाटतं.

मुलींचं प्रकरण त्याहून बोलकं आहे. 1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काउटांचा मेळावा भरला, तिथं काही मुली कोणी न बोलावता येऊन उभ्या राहिल्या आणि आम्हीही स्काउट आहोत म्हणाल्या. पुढच्या वर्षी गर्ल गाइड्सची स्थापना झाली. मी आमच्या मैदानावर पाहते, पाचवी-सहावीनंतर मुली येईनाशा होतात. घरकाम, ट्यूशन, "आता मोठी झाली". पण ज्या सहाव्या वर्षीच आलेल्या असतात त्या सहजासहजी हटत नाहीत. मैदान आपलं आहे हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं, आणि त्यांच्या आयांच्याही. अकराव्या वर्षी नव्यानं आणू म्हटलं तर ती मुलगी येत नाही. मुलींपुरतं तरी लवकर सुरुवात करण्याचं याहून मोठं कारण मला लागत नाही.

लवकर म्हणजे किती? भारत स्काउट्स अँड गाइड्समध्ये आता तीन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठीही बनी नावाचा विभाग आहे. मला ती घाई वाटते. तीन-चार वर्षांच्या लेकराला घरचं माणूस, अंगण आणि थोडी वाळू पुरते. सहाव्या वर्षाच्या आसपास मूल स्वतःहून दुसऱ्याच्या खेळात शिरू पाहतं, नियमावरून भांडायला लागतं. तीच वेळ.

गट नावाला असून भागत नाही, हेही सांगायला हवं. कितीतरी शाळांत कब-बुलबुलचं पथक कागदावर असतं. फी घेतली जाते, गणवेश शिवला जातो, गळ्यात स्कार्फ येतो, 26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टला संचलन होतं, आणि उरलेलं वर्ष तो गणवेश कपाटात राहतो. सात वर्षांच्या मुलाला उन्हात तासभर सावधान-विश्राम करायला लावणं याला मी शिस्त म्हणत नाही. मुळात ही पद्धत सहा-सहा मुलांच्या छोट्या टोळ्यांवर उभी आहे. टोळीनं आपलं काम आपण वाटून घ्यायचं, आपला म्होरक्या आपण मानायचा. शंभर मुलं रांगेत उभी करून शिट्टी वाजवली की तिचा जीव जातो. मुलाला गटात घालण्याआधी पालकांनी एकदा तिथं जाऊन उभं राहावं आणि पाहावं की तासातला किती वेळ मुलं बोलताहेत, धावताहेत, काही ठरवताहेत, आणि किती वेळ मोठा माणूस बोलतोय. मोठ्याचाच आवाज जास्त ऐकू आला तर तो क्लासच समजावा.

आता नागपुरात ज्याला बगल देऊन चालत नाही त्या गोष्टीकडे येते. इथं मुलांचा गट म्हटलं की लोक विचारतात, "कोणाचा?" आणि ते विचारणं रास्त आहे. 1925 च्या विजयादशमीला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ याच शहरात सुरू झाला. लहान मुलांचे खेळ त्याच्या शाखेचा पहिल्यापासूनचा भाग आहेत. 1936 मध्ये लक्ष्मीबाई केळकरांनी शेजारच्या वर्ध्याला राष्ट्र सेविका समिती काढली. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा दिली, त्यानंतर वस्त्यावस्त्यांत विहारं उभी राहिली आणि तिथं लेकरं वंदना, गाणी, भाषणं शिकली. संकोच टाकून चार लोकांसमोर उभं राहायला शिकली. राष्ट्र सेवा दल 1941 चं, एस. एम. जोशी आणि साने गुरुजींच्या वारशाचं. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सुसंस्कार शिबिरं उन्हाळ्यात विदर्भभर लागतात, खंजिरीवर भजन म्हणत पोरं पहाटे उठून अंगण झाडतात. चर्चचं संडे स्कूल आहे. यातला प्रत्येक गट मुलाला काही एक विचार देतोच. अजिबात विचार न देणारा गट शोधायला निघालात तर फिरून क्लासच्या दाराशी याल.

त्यामुळे "आम्हाला असलं काही नको" म्हणून मूल घरी बसवणं मला पटत नाही. पण दहा वर्षांखालच्या मुलाकडून काही गोष्टी कोणीही मागू नयेत असं माझं ठाम मत आहे. जन्मभराची निष्ठा मागू नये. ज्याला पुढच्या महिन्याचा अंदाज नाही त्याच्याकडून आयुष्याची शपथ घेणं अन्यायाचं आहे. मोर्चात, मिरवणुकीत घोषणा द्यायला नेऊ नये. आणि कोणत्याही समाजाचा राग त्याच्या मनात पेरू नये. घरी आल्यावर मूल काय सांगतं तिकडे कान द्या. "आज लंगडीत आम्ही जिंकलो", "मला टाके घातलेला चेंडू मिळाला", "ताईनं भुताची गोष्ट सांगितली", असं सांगत असेल तर गट बरा चाललाय. सात वर्षांच्या तोंडून "ते लोक वाईट असतात" असं वाक्य आलं, तर तो गट कोणाचाही असो, माझ्या घरच्या विचाराचा असो, मी माझ्या मुलाला त्या दिवशी तिथून काढून घेईन.

याला जोडूनच एक गोष्ट आहे जी पालकांना सहसा ऐकायची नसते. आपण मुलाला गटात घालतो तेव्हा बहुधा आपल्यासारख्याच घरांतल्या मुलांचा गट निवडतो. ले-आउट एका उत्पन्नाचं, बऱ्याचदा एका जातीचं. स्काउटिंग 1909 मध्ये भारतात आलं तेव्हा ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं होतं. भारतीय मुलांना दार बंद होतं. ॲनी बेझंट यांनी मद्रासेत, मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबादेकडे आपल्या मुलांसाठी वेगळी पथकं उभी केली, आणि स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 ला ही सारी मिळून भारत स्काउट्स अँड गाइड्स झाली. ज्या चळवळीत आपल्या मुलांना एकेकाळी कुंपणाबाहेर उभं केलं गेलं, तिच्या धर्तीवर गट काढताना आपण पुन्हा कुंपण घालावं हे मला सहन होत नाही. ले-आउटच्या मागच्या वस्तीतली पोरं रोज त्याच रस्त्यानं जातात. त्यांना हाक मारायला काय लागतं? आमच्याकडे एका आईनं "भाषा बिघडेल" म्हणून हरकत घेतली होती. भाषा थोडी बिघडली, हे खरं. पण सहलीला डबे उघडले तेव्हा त्या बाईंच्या मुलीनं तिखट भाकरी आणि ठेचा दुसऱ्याच्या डब्यातून खाल्ला आणि आपला पास्ता त्याला दिला. विटाळ असाच संपतो, वर्गातल्या धड्यानं संपत नाही.

या शहरानं हे मैदानावर करून दाखवलेलं आहे. हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक असलेले विजय बारसे यांनी पावसात मुलांना फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिलं, त्यांच्या हाती फुटबॉल दिला, आणि 2001 पासून झोपडपट्टीतल्या मुलांचं फुटबॉल नागपुरात उभं राहिलं. त्यांच्याकडे सुरुवातीला ना इमारत होती ना अभ्यासक्रम. एक मोठा माणूस ठरलेल्या वेळी मैदानावर येत राहिला, एवढंच भांडवल होतं.

विश्वासाचा आणि सुरक्षेचा मुद्दा मी मुद्दाम इथवर राखून ठेवला होता, कारण त्याला घाईत उरकता येत नाही. लहान मुलांचे गट हे मुलांवर वाईट नजर असलेल्या माणसालाही सोयीचे वाटतात. ही भीती काल्पनिक नाही आणि तिच्यावर "आमच्याकडे असं नाही होत" हे उत्तर चालत नाही. लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा पॉक्सो कायदा 2012 चा आहे. त्याखालच्या 2020 च्या नियमांत म्हटलंय की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी किंवा मुलांसाठीची इतर कोणतीही सोय यांनी आपल्या माणसांची ठरावीक काळानं पोलीस पडताळणी करून घेतली पाहिजे. 2024 मध्ये बदलापूरची घटना घडल्यावर शाळांवर सीसीटीव्ही आणि पडताळणीची सक्ती झाली. पण मैदानावर फुकट खेळ घेणाऱ्या दादाकडे कोण कागद मागणार? मागायला हवा. तो दादा कितीही भला असो. भल्या माणसाला त्याचा राग येत नाही. आमच्या गटात एक साधा नियम आहे: एकटा मोठा माणूस एकट्या मुलासोबत कधीही बंद दाराआड थांबणार नाही, आणि तासाला दोन मोठी माणसं असल्याशिवाय गट भरणार नाही. दुसरा कोणी आला नाही तर त्या दिवशी खेळ नाही. पोरं हिरमुसतात, पण नियम नियम आहे. आणि 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पोरांना पाठ आहे, शेजारच्या भिंतीवर त्यांनीच खडूनं लिहिलाय.

कबच्या नियमांत मला एकच गोष्ट खटकते ती इथं सांगते. स्काउटचे नऊ नियम, कबचे मात्र दोनच, आणि त्यातला पहिला हा की कब मोठ्यांचं ऐकतो. शंभर वर्षांपूर्वी तो शोभत असेल. आज मी सहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचं ऐक असं बिनशर्त शिकवणार नाही. मोठ्यांचं ऐक, पण अंगाला हात लावलेला आवडला नाही तर ओरड, पळ, आणि येऊन सांग, मग तो मोठा कोणीही असो. ज्या गटात मुलाला नाही म्हणता येतं तोच गट सुरक्षित. आणि नको वाटला तर गट सोडायचीही मुभा त्याला हवी. पैसे भरलेत म्हणून जा, असं क्लासबाबत म्हणतो तसं इथं म्हणू नये.

लाजाळू मुलांच्या आईबापांसाठी दोन वाक्यं. "आमचा पोट्टा लय लाजाळू आहे जी, त्याले नाही जमणार," असं म्हणून जे मूल घरी ठेवलं जातं त्यालाच गट सगळ्यात जास्त हवा असतो. त्याला महिनाभर कडेला बसून पाहू द्या, गुण मोजू द्या, चेंडू आणून देऊ द्या. ओढून मध्ये उभं करू नका.

जागेचं काय? नागपूर या बाबतीत पुण्या-मुंबईपेक्षा नशीबवान होतं. 1936 मध्ये नागपूर सुधार प्रन्यास आलं, पुढे ले-आउट पडत गेले आणि प्रत्येक ले-आउटमध्ये सार्वजनिक वापराची मोकळी जागा नकाशात दाखवावी लागली. त्या जागांचं आपण काय केलं ते आपल्या आसपास फिरून पाहा. कुठं ग्रीन जिम बसली, कुठं सभामंडप चढला, कुठं लग्नाचं लॉन झालं, उरलेल्या कोपऱ्यात गाड्या. फलक लागला: 'येथे क्रिकेट खेळण्यास मनाई आहे.' ज्येष्ठांना चालायला जागा हवी हे मान्य, पण पाच ते सात ही वेळ मुलांची असं एखाद्या तरी नगर विकास समितीनं ठरवावं.

तान्हा पोळाच घ्या. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा आपल्या शहराचा खास लेकरांचा सण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून रांगेनं उभी राहायची, मग घोळक्यानं घरोघरी जायची, बोजारा म्हणजे खाऊ-पैशांची भेट घ्यायची आणि त्याच्या वाटणीवरून भांडायची. ते भांडणही मोलाचं होतं. कोणी मोठं मध्ये न पडता हिशेब मिटायचा. आता बहुतेक ठिकाणी मांडव असतो, माइक असतो, वेशभूषेची आणि बैल सजावटीची स्पर्धा असते, आईनं रात्रभर जागून केलेली सजावट घेऊन मूल एकेकटं स्टेजवर जातं आणि नंबर आला नाही म्हणून रडत उतरतं. ज्या सणात पोरांचा घोळका होता तिथंही आपण प्रत्येक पोराला सुटं केलं. बक्षिसांचा खर्च करणाऱ्या मंडळांनी एक वर्ष स्पर्धा रद्द करून फक्त घोळका फिरू द्यावा, एवढी माझी विनंती आहे.

आणि मोठी माणसं कुठून आणायची? वस्तीतली आई संध्याकाळी दोन घरांच्या पोळ्या लाटत असते, बाप ऑटो चालवत असतो. त्यांना वेळ द्या म्हणणं निर्दयपणाचं आहे. ते मी नोकरदार, निवृत्त, बऱ्या स्थितीतल्या माणसांना म्हणते, जी मुलाला मैदानावर सोडून तो तासभर गाडीत मोबाइल पाहत बसतात. खाली उतरा. गाणं येत नसेल तर गुण लिहा, ते नको असेल तर पाण्याच्या बाटल्या भरा. दुसरं माणूस हजर असणं हीच अर्धी सुरक्षा आहे.

त्याखेरीज शहरात तरुणांची मोठी फौज आहे. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्याला वर्षाला 120 तास सेवा द्यावी लागते. तुकडोजी महाराजांचं नाव लावणाऱ्या आपल्या विद्यापीठाच्या कॉलेजांत असे विद्यार्थी आहेत, आणि त्यांचे कितीतरी तास झाडं लावताना फोटो काढण्यात आणि रॅलीत फलक धरण्यात जातात. महापालिकेच्या कितीतरी मराठी शाळांचा पट घटला, काही बंद पडल्या. त्यांची आवारं संध्याकाळी रिकामी असतात, भिंत आहे, नळ आहे, पिंपळाची सावली आहे. या दोन गोष्टी एकत्र आणायला नवा निधी लागत नाही. महापालिकेनं संध्याकाळी दोन तास फाटक उघडं ठेवावं आणि चौकीदाराला त्याचा भत्ता द्यावा. कॉलेजनं मुलामुलींची जोडी पाठवावी, आधी त्यांची पोलीस पडताळणी करून, आणि पॉक्सोचं एक दिवसाचं प्रशिक्षण देऊन. तास सहीनिशी मोजले जावेत. वस्तीतले दोन पालक आळीपाळीनं हजर राहावेत. सुरुवात प्रत्येक झोनमध्ये एका शाळेपासून करता येईल, आणि ती शाळा निवडताना तिच्या एका बाजूला ले-आउट आणि दुसऱ्या बाजूला वस्ती असेल हे पाहावं.